खर्च मंजूर मर्यादेत

बाबा जानेवारीच्या अखेरीस ओटावात आले. पहिला आठवडा खिडकीतून बर्फ बघण्यात गेला, आणि रिडो कालव्यावरून लोक खरोखरच स्केटिंग करत ऑफिसला जातात की सून थापा मारते, याची खातरजमा करण्यात. दुसऱ्या आठवड्यात त्यांना टीव्हीवर संसदेच्या कामकाजाचं चॅनेल सापडलं आणि माझी काळजी मिटली. चौतीस वर्षं कोषागारात काढलेला माणूस. लांबलचक टेबल, एका बाजूला आमदार-खासदार, दुसऱ्या बाजूला फायली घेऊन बसलेले अधिकारी, असं दृश्य दिसलं की त्यांची पाठ आपोआप ताठ होते.

त्या बैठकांत एक शब्द अधूनमधून कानावर यायचा. फिनिक्स. आधी त्यांना वाटलं अमेरिकेतलं गाव. मग एका रविवारी जेवणं झाल्यावर त्यांनी मुग्धाला विचारलं. मुग्धा, म्हणजे माझी बायको, सरकारी खात्यांना आस्थापनेचं आणि पगाराचं सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या एका कंपनीत आहे. फिनिक्सशी त्या कंपनीचा काही संबंध नाही. पण ओटावात या धंद्यातल्या माणसाला फिनिक्स माहीत नसणं म्हणजे कोयनेच्या माणसाला भूकंप माहीत नसणं.

तिनं सांगितलं ते असं. कॅनडाच्या केंद्र सरकारची पगाराची यंत्रणा चाळीस वर्षांची म्हातारी झाली होती. २००९ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान हार्पर यांच्या सरकारनं ती बदलायची योजना मंजूर केली. एकूण ३१ कोटी डॉलर, त्यातले साडेपंधरा कोटी नुसतं सॉफ्टवेअर उभारायला. २०११ मध्ये आयबीएमला कंत्राट मिळालं, पाया पीपलसॉफ्ट या तयार सॉफ्टवेअरचा. सोबत दुसरी कल्पना अशी, की खात्याखात्यात विखुरलेली पगार बघणाऱ्यांची बाराशे पदं रद्द करायची आणि न्यू ब्रन्सविक प्रांतात मिरामिशी नावाच्या छोट्या गावी साडेपाचशे माणसांचं एकच पगार केंद्र चालवायचं. वर्षाला सात कोटी वाचणार होते. २४ फेब्रुवारी २०१६ ला या नव्या यंत्रणेचा, म्हणजे फिनिक्सचा, पहिला टप्पा सुरू झाला, २१ एप्रिलला दुसरा. १०१ खाती, २ लाख ९० हजार माणसं. त्यानंतर कुणाला कमी पगार आला, कुणाला जास्त आला, काहींना आलाच नाही. जून २०१७ अखेर दीड लाखाहून जास्त माणसं आपल्या पगारातली चूक दुरुस्त होण्याची वाट बघत होती, आणि शिल्लक चुकांची बेरीज ५२ कोटी डॉलरच्या वर गेली होती.

"म्हणजे इथलं विधिमंडळ झोपलं होतं," बाबांनी निकाल दिला.

"उलट, बाबा. पैशाच्या बाबतीत सगळे टक्क जागे होते. म्हणून तर झालं."

बाबांनी बडीशेपेची वाटी खाली ठेवली. चर्चा लांबणार याची ती खूण. मी उठून चहाचं आधण ठेवलं.

"२०१२ मध्ये," मुग्धा म्हणाली, "आयबीएमनं सरकारला कळवलं की तुम्हाला हवं ते सगळं करायचं तर साडेपंधरा कोटीत होणार नाही, २७ कोटी ४० लाख लागतील. आता प्रकल्पाच्या अधिकाऱ्यांपुढं दोन वाटा. एक, पुन्हा वर जायचं, सांगायचं की २००९ चा आमचा अंदाज चुकला, जास्त पैसे द्या. दुसरी, आहे त्या पैशात बसेल एवढंच काम करायचं."

"आणि दुसरी धरली."

"दुसरी धरली. पगाराची ९८४ कामं त्या सॉफ्टवेअरनं करायची होती. त्यातली शंभराहून जास्त एकतर काढून टाकली, नाहीतर पुढं ढकलली. आणि काढलं काय माहितीये? फरक."

"कसला फरक?"

"फरक हो. तुमचा फरक. मागच्या तारखेपासून पगार वाढला की जो निघतो तो. त्याच्या अर्जांवर प्रक्रिया करायची सोयच काढून टाकली."

बाबा काही बोललेच नाहीत. मराठी सरकारी नोकराच्या घरात जो वाढला नाही त्याला या शांततेचा अर्थ कळायचा नाही. आमच्याकडे फरक हा शब्द नुसता म्हटला तरी पुरतो, त्याला पुढं-मागं काही लागत नाही. फरक आला की घराचा स्लॅब पडतो, बहिणीचं लग्न ठरतं, हातउसने फिटतात. सातवा वेतन आयोग महाराष्ट्रात १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला, प्रत्यक्ष नवा पगार २०१९ मध्ये हातात आला, आणि मधल्या तीन वर्षांचा फरक पाच हप्त्यांत द्यायचं ठरलं. त्या पाच हप्त्यांवर लोकांनी आयुष्याची गणितं बसवली.

"फरक काढता येत नाही असं पगाराचं सॉफ्टवेअर," बाबा शेवटी म्हणाले, "म्हणजे फाळ नसलेला नांगर. दिसायला नांगरच दिसतो. आणि हे वर कुणी विचारलं नाही?"

"काय विचारणार? वर जो अहवाल जायचा त्यात खर्च मंजूर मर्यादेत होता. वेळापत्रकही थोडं मागंपुढं, पण ठीक."

"खर्च मंजूर मर्यादेत." बाबांनी ते शब्द सावकाश उच्चारले. "हे वाक्य मी स्वतः शेकडो वेळा लिहिलंय."

"तेच म्हणते मी. वर बसलेल्यांना एकच प्रश्न येतो. किती दिले, किती खर्चले. त्या प्रश्नाचं उत्तर फिनिक्स कोसळायच्या आदल्या दिवशीपर्यंत चोख होतं. तुम्ही रक्कम आधी ठरवता, तीसुद्धा काम नक्की काय आहे हे कुणालाच कळलेलं नसताना. मग ती रक्कम देवाची होऊन बसते. ती वाढवून मागणं म्हणजे कबुलीजबाब. मग माणूस पैसे वाढवून मागत नाही, काम कापतो. काम कापलेलं कुणाला दिसत नाही."

"म्हणजे तुझं म्हणणं, रक्कम ठरवूच नये?"

"मोठी, एकदम, पाच वर्षांची ठरवू नये. थोडे द्या, दर सहा महिन्यांनी या आणि बघा काय चालतंय. कागद बघू नका, प्रत्यक्ष चालवून बघा."

"आणि या सहा महिन्यांच्या मेजवान्या किती वर्षं?" बाबांचा आवाज थोडा चढला. "तू मघाशी आयबीएमच्या कंत्राटाबद्दल काय सांगितलंस? सुरुवातीला किती?"

"५७ लाख डॉलर."

"आणि पुढं?"

"साडेअठरा कोटी. पण बाबा, ते पहिले ५७ लाख नुसते सुरुवातीच्या कामाचे होते, पुढं वाढणार हे सगळ्यांना माहीत होतं."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला? मागणीवर मत देणाऱ्या खासदाराला माहीत होतं? मिरामिशीत खुर्चीवर बसून शिव्या खाणाऱ्या पोरीला माहीत होतं? अगं, टप्प्याटप्प्यानं देणं म्हणजे काय ते आम्ही पाटबंधाऱ्यात बघितलंय. पहिल्या वर्षी धरणाच्या अंदाजपत्रकाला टोकन रक्कम. मग सुधारित मान्यता. मग दुसरी सुधारित मान्यता. एकदा खोदाई झाली की कुठल्या आमदाराची छाती आहे पैसे नाही म्हणायची? अर्धवट खड्डा हाच मोठा युक्तिवाद."

इथं मला मुग्धाची बाजू थोडी लंगडी वाटली, आणि चेहऱ्यावरून तिलाही वाटली असावी. सॉफ्टवेअरवाल्यांना 'थोडं थोडं करत जाऊ' हे जितकं निरागस वाटतं तितकं खजिन्यावर बसलेल्या माणसाला वाटत नाही. त्याला त्यात खड्डा दिसतो.

पण ती मागं हटणारी नव्हे. "बरं. मग तुमच्या पद्धतीनं सांगा, या संसदेनं २००९ ते २०१६ मध्ये नेमकं काय बघितलं?"

आता बाबांनी जे केलं ते मला अपेक्षित नव्हतं. ते आत गेले आणि वही घेऊन आले. आठवडाभर त्यांनी नुसतं चॅनेल बघितलं नव्हतं, सभागृहाच्या नियमांचं वाचनही चालू होतं.

"हे बघ. इथं १ मार्चपर्यंत खात्यांच्या मागण्या मांडतात आणि त्या समित्यांकडे जातात. समितीनं त्यावर ३१ मेपर्यंत अहवाल द्यायचा. बरोबर?"

"असेल."

"आणि नाही दिला तर?"

"तर काय?"

"तर दिला असं समजायचं!" बाबा एवढ्या जोरात हसले की चहा सांडला. "बैठक घेतली काय, न घेतली काय, ३१ मे उलटला की अहवाल आला असं धरून चालायचं. १९६८ पासून हा नियम. आणि ती मागणी असते अख्ख्या खात्याची. हा पगाराचा प्रकल्प तिच्यात साखरेसारखा विरघळलेला. त्याला खरी मान्यता दिली ती ट्रेझरी बोर्डानं, म्हणजे मंत्र्यांच्याच समितीनं. खासदारांसमोर 'हे साडेपंधरा कोटी, यात फरक निघणार नाही, चालेल का' असा प्रश्न कधी आलाच नाही. तू म्हणतेस विधिमंडळाच्या देखरेखीनं घात केला. अगं, देखरेख झालीच कुठं?"

"मग माझंच म्हणणं खरं ठरलं ना? हे सगळं नाटक आहे."

"नाटक आहे म्हणून थिएटर बंद करायचं नसतं."

मग त्यांनी आपलीही उणीदुणी काढली, हे सांगायला हवं. मुंबईत काय, दिल्लीत काय, शेवटच्या दिवशी उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना एकगठ्ठा मंजूर होतात. त्याला गिलोटिनच म्हणतात, आणि तो शब्द वापरताना कुणाला दचकायला होत नाही. दिल्लीत १९९३ पासून खातेनिहाय स्थायी समित्या आल्या, त्यामुळे निदान काही मागण्यांची पानं तरी उलटली जातात. पुरवणी मागण्यांचे गठ्ठे नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात बाबांनी जवळून बघितलेत. त्यांच्या मते पुरवणी मागणी वाचणारा आमदार आणि दिवाळीत भेटकार्ड पाठवणारा माणूस, दोघेही सारखेच दुर्मिळ झालेत.

"आणि लोकलेखा समिती?" मुग्धानं विचारलं. तिला माहीत होतं दुखरी नस कुठं आहे.

"लोकलेखा समिती उशिरा येते," बाबांनी मान्य केलं. "मी एका जिल्ह्यात हजर झालो आणि पहिल्याच आठवड्यात महालेखापालांच्या एका परिच्छेदाला खुलासा द्यायचा होता. व्यवहार नऊ वर्षांपूर्वीचा. तेव्हा मी दुसऱ्या जिल्ह्यात. ज्यानं बिल पास केलं तो निवृत्त, ज्यानं आक्षेप घ्यायला हवा होता तो वारलेला. मी लिहिलं, 'भविष्यात दक्षता घेण्यात येईल.' समितीनं लिहिलं, 'समिती नापसंती व्यक्त करते.' कुणाची नापसंती, कुणावर? मेलेल्या माणसावर."

"बघा."

"बघा काय बघा! तुला ते आकडे कुणी दिले? ९८४ कामं, शंभर कापली, २७ कोटी ४० लाख. तुझ्या आयबीएमनं छापले? प्रकल्पाच्या अधिकाऱ्यांनी जाहीर केले?"

मुग्धा गप्प झाली. ते सगळे आकडे कॅनडाच्या तेव्हाच्या महालेखापरीक्षकांनी संसदेला दिलेल्या अहवालांतले. मायकेल फर्ग्युसन त्यांचं नाव. २०१७ च्या शरदात एक अहवाल, २०१८ च्या वसंतात दुसरा, आणि या दुसऱ्यात त्यांनी फिनिक्सला अनाकलनीय अपयश म्हटलं. पुढं जाऊन त्यांनी असंही लिहिलं की दोष एका प्रकल्पाचा नाही, वरच्याला वाईट बातमी न सांगणाऱ्या आज्ञाधारक सरकारी संस्कृतीचा आहे. त्यावर देशातले तेव्हाचे सर्वोच्च सनदी अधिकारी मायकेल वर्निक लोकलेखा समितीसमोर आले आणि त्यांनी तो भाग म्हणजे मतप्रदर्शनाचा लेख आहे, असं ठणकावून सांगितलं. सेनेटच्या वित्त समितीनं २०१८ च्या जुलैत हिशेब मांडला की २०२३ पर्यंत हे प्रकरण २२० कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकतं. प्रत्यक्षात ते त्याच्याही पुढं गेलं. वर्षाला सात कोटी वाचवायला निघाले होते हे विसरू नये.

"फर्ग्युसन बरोबर होता," मुग्धा म्हणाली. "मी रोज बघते. आमच्याकडे दर महिन्याला एक तक्ता जातो, त्यात प्रत्येक कामापुढं चौकोन. हिरवा, पिवळा, लाल. पिवळा दाखवला की तीन बैठका लागतात, लाल दाखवला की तुमची बदली. मग सगळं हिरवं. आणि तुमचे समितीवाले जितके जास्त ओरडतात तितकं जास्त हिरवं. भीतीनं खरं बाहेर येत नाही, बाबा."

"भीतीशिवायही येत नाही."

या वाक्यावर दोघं थोडा वेळ अडली. मी मध्ये तोंड घालून मिरामिशीचा विषय काढला, कारण मला स्वतःला त्या गावाचं वाईट वाटतं. बंदूक नोंदणीतल्या नोकऱ्या तिथून जाणार होत्या आणि त्यांच्या बदल्यात हे पगार केंद्र आलं. जे अनुभवी लोक खात्याखात्यात पगार बघत होते ते फारसे तिकडं गेले नाहीत. नव्या माणसांना नवं सॉफ्टवेअर आणि देशभरातला राग एकदमच मिळाला.

"आमचे बिल क्लार्क," बाबा म्हणाले. "सेवापुस्तक हातात धरलं की वजनावरून सांगायचे याची वेतननिश्चिती चुकलीये. अशी बाराशे माणसं आधी घालवली आणि यंत्र नंतर आणलं. नवी सून घरात यायच्या आधीच आचाऱ्याला काढलं." मग मुग्धाकडे बघून, "माफ कर."

ती हसली. तिच्याकडे यावर एक हुकमी पान होतं आणि ते तिनं आता टाकलं. "पण तुमच्या खासदारांनी कधी हे विचारलं का, की पगाराचे नियम ८० हजार का आहेत? खरंच ८० हजारांवर आहेत. शंभराहून जास्त कामगार करार आहेत. कुठलंही तयार सॉफ्टवेअर त्यात जीव देईल. पैसे मंजूर करताना कुणी म्हटलं का, आधी नियम आवरा?"

मला वाटलं हा निर्णायक टोला आहे. पण बाबांना नियम म्हटलं की जिव्हाळा दाटून येतो. "नियम म्हणजे तुला कचरा वाटतो. एकेक नियम म्हणजे कुणीतरी जिंकलेलं भांडण असतं. गडचिरोलीत जाऊन राहणाऱ्या ग्रामसेवकाला एकस्तर वरची वेतनश्रेणी मिळते, ती तुझ्या प्रोग्रामरला कटकट, त्याच्या बायकोला किराणा. ते कमी करायचे तर समोरासमोर बसून कमी करा. सॉफ्टवेअरमध्ये बसत नाही म्हणून गुपचूप वगळायचे, हे कुणाच्या अधिकारात?"

"मी वगळा नाही म्हणाले."

"यांनी वगळले. आणि विधिमंडळात जर याची चर्चा झाली असती, तर युनियनवाला येऊन पहिल्याच दिवशी ओरडला असता की फरक कुठं आहे. तो ओरडा फुकट मिळाला असता. २०१२ मध्ये."

वसुलीचा विषय निघाला तेव्हा मात्र दोघं एका बाजूला झाली. फिनिक्सनं ज्यांना चुकून जास्त पगार दिला त्यांच्याकडून पैसे परत मागितले गेले, पण पूर्ण रक्कम, म्हणजे करापोटी आणि निवृत्तिनिधीपोटी आधीच कापून घेतलेले धरून. खात्यात जे पैसे कधी आलेच नाहीत तेही भरा. बाबांनी आयुष्यभर अतिप्रदानाच्या वसुल्या लावल्या, पण असली वसुली त्यांनी ऐकली नव्हती. शेवटी २०१९ मध्ये सरकारला यासाठी कायद्यातच बदल पुढं आणावा लागला. "हे फक्त विधिमंडळच करू शकतं," बाबा म्हणाले, आणि मुग्धानं पहिल्यांदाच मुकाट मान हलवली.

"एक सांगू?" ती म्हणाली. "यात तुमचा फायदा आहे, पण सांगते. कॅलिफोर्नियानं हाच उद्योग केला होता. १९७०च्या दशकातली पगार यंत्रणा, अडीच लाखाच्या आसपास माणसं. एक कंत्राटदार २००६ मध्ये आला, २००९ मध्ये गेला. मग एसएपी ही सॉफ्टवेअर कंपनी आली. २०१२ मध्ये त्यांनी आधी फक्त एकाच कार्यालयाचा पगार नव्या यंत्रावर काढून बघितला, हजार-दीड हजार माणसांचा. चुकाच चुका. फेब्रुवारी २०१३ मध्ये काम बंद. तोवर सुमारे २५ कोटी डॉलर गेले होते. पुढं कोर्टकज्ज्यातून एसएपीनं ५ कोटी ९० लाख भरले."

"आणि कॅनडानं ही चाचणी केलीच नाही?"

"ठरली होती. एका खात्यात करायची होती. जून २०१५ मध्ये रद्द केली. उशीर झाला असता, खर्च वाढला असता."

"म्हणजे कॅलिफोर्नियात पैसे बुडाले, पगार नाही बुडाले."

"हो. पण ज्यानं थांबवलं त्या माणसाला कुणी शाबासकी दिली का? सगळे म्हणाले २५ कोटी पाण्यात. थांबवणाऱ्याचा कुणी सत्कार करत नाही, बाबा. म्हणून कुणी थांबवत नाही."

"थांबवलं कुणी?"

"राज्याचा नियंत्रक असतो, त्यानं."

"नेमलेला?"

मुग्धा क्षणभर थांबली. "निवडून आलेला."

बाबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटतं त्या रविवारी झालेल्या सगळ्या बोलण्यात हीच एक जागा अशी होती जिथं दोघांनाही एकदम काहीतरी दिसलं. ओटावातल्या प्रकल्प अधिकाऱ्याला वाईट बातमी वरच्या साहेबाला सांगायची होती. कॅलिफोर्नियातल्या नियंत्रकाला ती मतदारांना सांगायची होती. साहेबापुढं चुकलं म्हणून नोकरी अडते. मतदारापुढं पगार बुडाला म्हणून खुर्ची जाते. देखरेख देखरेख म्हणतो ती बहुधा याच प्रश्नावर ठरते, की वाईट बातमी सांगणाऱ्याला कुणाची भीती जास्त वाटते.

मी हे बोलून दाखवलं. मुग्धा म्हणाली, "छान. आता निवडून आलेले सॉफ्टवेअर तपासणार." बाबा म्हणाले, "निदान निवडून आलेल्याला विचारता येतं." तिथं ते पुन्हा फाटलं.

थोडं महाराष्ट्राचंही झालं. राज्य कर्मचाऱ्यांचे पगार 'सेवार्थ'वर निघतात, अनुदानित शाळांतल्या शिक्षकांचे 'शालार्थ'वर. बाबांना सेवार्थचं कौतुक आहे. ते आल्यावर बिलांच्या गठ्ठ्यांखाली दबलेली खोली रिकामी झाली आणि तिथं पंखा लावता आला, असं ते सांगतात. पण २०२५ मध्ये नागपुरात बोगस शालार्थ आयडींचं प्रकरण निघालं आणि बनावट नियुक्त्यांवर पगार निघाल्याचे आरोप झाले, तेव्हापासून त्यांचा एकच धोशा आहे. यंत्र बरोबर चाललं म्हणजे पगार बरोबर निघाला असं नाही. आत जो घातला तो माणूस खरा आहे का, हे यंत्र विचारत नाही. मुग्धाच्या मते हे यंत्राकडून करवून घेता येतं. बाबांच्या मते करवून घ्यायचं कुणाला आहे, हा खरा प्रश्न. यावर आम्ही फार वेळ घालवला नाही, कारण चहा संपला होता.

दुसरा चहा झाला तेव्हा बाहेर अंधारलं होतं. बाबांनी सहज विचारलं, "तुमच्या आत्ताच्या कामात समांतर पगार किती महिने ठेवलाय?"

"समांतर?"

"जुन्या पद्धतीनंही काढायचा, नव्यानंही. दोन्ही कागद शेजारी ठेवून जुळवायचे. आमच्याकडे संगणक आला तेव्हा तीन महिने केलं. रात्री आठपर्यंत बसायचो."

"सहा पंधरवडे होते," मुग्धा म्हणाली. "आता दोनच आहेत."

"का?"

"तारीख ठरलीये. मार्चअखेर खर्च दाखवायचा आहे."

"आणि चौकोन?"

तिनं उत्तर दिलं नाही. लॅपटॉप उघडला. तिथं चाचणीसाठी बनवलेली खोटी माणसं होती, नावं नसलेली, नुसते क्रमांक. ४१७ क्रमांकाचा वार्षिक पगार ७२ हजार डॉलर. "दर पंधरवड्याला किती?" तिनं विचारलं. बाबांनी वहीत २६ नं भागलं. २७६९ डॉलर २३ सेंट. पडद्यावर होते २७५९ डॉलर ८९ सेंट.

"नऊ डॉलर चौतीस सेंट खाल्ले," बाबा म्हणाले.

"नाही हो. वर्षात नेमके २६ पंधरवडे नसतात, थोडे जास्त असतात. म्हणून २६.०८८ नं भागतात."

बाबांनी तिच्याकडे आदरानं बघितलं. असा आकडा ज्या नियमात आहे तो नियम त्यांना आवडला. त्यांनी पुन्हा भागाकार केला, हातानं, तीन दशांशांपर्यंत, आणि तो जुळला.

"आता फरक काढ याचा."

४१७ क्रमांकाला वरच्या पदाचा तात्पुरता कार्यभार मिळालेला होता. वाढ वर्षाला साडेचार हजार, लागू मागच्या तारखेपासून. बाबांनी कॅलेंडर मागितलं. इकडच्या बँकेचं होतं, तेच भिंतीवरून काढून दिलं. त्यांनी पेन्सिलीनं पंधरवड्यांवर खुणा केल्या, पहिली खूण ज्या आठवड्यात कार्यभार घेतला त्याच सोमवारी. एका पंधरवड्याचे १७२ डॉलर ४९ सेंट.

पडद्यावर फरकाची रक्कम ५१७ डॉलर ४८ सेंट होती.

"हे तीन पंधरवड्यांचं झालं," बाबा म्हणाले. "माझ्या खुणा चार आहेत."

"राउंडिंग असेल."

"१७२ डॉलरचं?"

मुग्धानं कॅलेंडर आपल्याकडे ओढलं आणि पेन्सिलीच्या खुणांवर बोट ठेवत मोजलं. मग पुन्हा एकदा मोजलं. चारच आल्या.